तापीवर थंडीत फ्लाय फिशिंग करून ट्राउट मिळेल का?

तुम्ही जळगावचे, नवी फ्लाय रॉड (खोटी माशी गळाला लावून मासे धरायची काठी) घेतलीय आणि डिसेंबरात तापीवर ट्राउट लागेल का, असं विचारलंय. नाही लागणार, तो तापीत नाहीच. ट्राउट हा थंड पाण्यातला मासा, त्याला साधारण 10 ते 16 अंशांचं पाणी मानवतं. 20च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात, कारण पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मुरतो. धुळ्याकडे एखाद्या पहाटे पारा 6 वर येतो हे खरं, पण माशाला आपला मे महिनाही काढावा लागतो. मेमध्ये त्याचं कालवण नदीतच होईल.

डिसेंबरात हिमाचलचं तिकीटही काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर ट्राउटच्या विणीमुळे तिथे बंदी असते. मार्चात जा, परवाना काढून.

मी मार्चच्या पहिल्या आठवड्यात तिथल्या तीर्थन नदीवर गेलो होतो. आपल्याकडची सवय म्हणून पहाटेच कानटोपी घालून काठावर हजर. रॉडच्या कड्यांमध्ये बर्फ धरला, दोर पुढे सरकेना. कडी तोंडात धरून वितळवायची, दोन वेळा दोर फेकायचा, की पुन्हा तेच. बोटं इतकी बधिर की सुटलेली गाठ बांधता येईना. अकरापर्यंत काही नाही.

तेव्हा तापीवरच्या सावळद्याच्या पुलाखाली भेटलेल्या एका भोई बाबांचं बोलणं आठवलं: "हिवाळामा मासा खास, पन हयू हयू." म्हणजे हिवाळ्यात मासा खातो, पण हळूहळू. माशाचं अंग पाण्याइतकंच गार असतं. पाणी गार झालं की त्याची भूक मंदावते आणि तो धारेतून हटून खोल, संथ डोहात तळाशी बसतो. वर तरंगणाऱ्या माशीसाठी उठण्याचे कष्ट तो कशाला घेईल? मग मी पितळी मणी ओवलेली, किड्याच्या अळीसारखी दिसणारी माशी लावली, डोहाच्या वरच्या अंगाला टाकली आणि दोर ढिला ठेवून पाण्याच्या वेगाने तळालगत वाहू दिली. दोर ताणला की माशी पाण्यापेक्षा जोरात पळते आणि मासा ओळखतो. झटका वगैरे काही बसत नाही, वाहणारा दोर क्षणभर अडतो, इतकंच. तेवढ्यात काठी उचलायची. दुपारी एकच्या सुमारास वीतभर ब्राउन ट्राउट लागला, अंगावर लाल ठिपके. हात ओले करून सोडला. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो.

तोवर सराव तापीवरच करा, चिलापी लहान माशीला तोंड लावते. फ्लाय फिशिंगमध्ये फेकायला शिशाचं वजन नसतं, जाड दोराचं वजनच माशीला पुढे नेतं. म्हणून आधी तो दोर मागे पूर्ण उलगडावा लागतो. उन्हं चढल्यावर जा आणि पाठीमागे बाभूळ नाही ना, ते बघा. माझ्या दोन माश्या सावळद्याला अजून लटकल्या असतील.