तारीख टाक

बाळा,

परवा जिन्यात तू विचारलंस की साथीत उलटं बोलणाऱ्यांना खरंच गप्प करावं का, त्याचं धड उत्तर देता आलं नाही, हातात भाजीची पिशवी होती आणि खरं सांगू का, थोडा राग पण आला होता. तुझ्यावर नाही. तुझ्या साहेबांवर, जे म्हणून राहिलेत की पुढच्या साथीचे मेसेज आत्ताच बनवून ठेवा आणि उलटं बोलणाऱ्यांना सरळ ब्लॉक करा.

धीर धर, हिंमत ठेव वगैरे मी लिहीत नाही, ते तुला येतं. माझं एकच म्हणणं आहे, तारीख टाक. प्रत्येक मेसेजखाली तारीख, आणि त्या दिवशी आपल्याला काय कळलेलं नाहीये त्याची एक ओळ.

हसू नको. २८ मार्च २०२० ला डब्ल्यूएचओने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने, वर ‘फॅक्ट’ लिहून छातीठोक सांगितलं होतं की कोविड हवेतून पसरत नाही. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेचे सर्जन जनरल, म्हणजे तिथल्या सरकारचे मोठे डॉक्टर, लोकांना सांगत होते मास्क विकत घेऊ नका, आणि ५ जूनला डब्ल्यूएचओ म्हणाली की गर्दीत लावा, कापडाचा का होईना. माहिती बदलली ह्यात कोणाची चूक नाही गं, नवा रोग होता. पण ‘आजपर्यंत एवढंच कळलंय’ असं म्हणायला काय झालं होतं? तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा अजून म्हणतात, ह्यांचं रोज वेगळं, आणि लस घ्यायला त्यांनी किती महिने काढले ते तू पाहिलंयस.

मी एकतीस वर्षं आरोग्य खात्यात लोकांना समजावण्याचं हेच काम केलं. पोलिओच्या वेळी वस्तीत अफवा होती की थेंब पाजले की मुलं पुढे नपुंसक होतात. आम्ही ओट्यावर बसायचो, चहा प्यायचो, तीच शंका पाचव्यांदा ऐकायचो आणि पाचव्यांदा उत्तर द्यायचो. नैसर्गिक पोलिओचा शेवटचा पेशंट जानेवारी २०११ मध्ये हावड्याला सापडला, त्यानंतर देशात तसा नाही. मोठेपणा सांगत नाहीये. तेव्हा आमच्याकडे लोकांना गप्प करायचं बटणच नव्हतं. बटण हातात आलं तेव्हा मी काय केलं ते ऐक.

एप्रिल २०२१. आपल्या इंदूरच्या दवा बाजारासमोर कोविडच्या रेमडेसिविर इंजेक्शनसाठी रांगा, लोक पहाटेपासून उभे. लोकमान्य नगरच्या आपल्या ग्रुपची मी अ‍ॅडमिन. एका निवृत्त मास्तरांनी लिहिलं की ह्या इंजेक्शनने जीव वाचतो असा पुरावा नाही, डब्ल्यूएचओने गेल्या नोव्हेंबरातच नको म्हटलंय, पोरांना रांगेत उभं करून आजार घरी आणू नका. मी तो मेसेज डिलीट केला आणि त्यांना काढून टाकलं. का, तर त्याच वेळी ग्रुपमधल्या एका बाईंचा मुलगा त्याच रांगेत होता आणि तिला ते वाचणं सोसलं नसतं. हे कारण मला अजूनही अगदीच खोटं वाटत नाही. आपल्याकडच्या सरकारी सूचनांत ते औषध होतं, ऑक्सिजनवरच्या निवडक पेशंटसाठी, म्हणजे मी कागदाला धरूनच होते. आणि त्या आठवड्यात रोज कोणीतरी जात होतं, डोकं ठिकाणावर कोणाचं होतं?

पण मास्तर बरोबर होते, त्या तारखेला. गंमत बघ, पुढच्या एप्रिलात त्याच डब्ल्यूएचओने सांगितलं की आजार सौम्य असून ज्यांना धोका जास्त आहे त्यांना हे देता येईल. म्हणजे कोण कायमचं बरोबर? म्हणून म्हणते, तारीख टाक.

आता तू म्हणशील, काकू, मग सगळेच बोलू देत का. जो पाण्याचं इंजेक्शन विकतो त्याला मत नसतं, तो चोर आहे, त्याला पोलीस बघतील. पण तू ज्यांचं नाव घेतलंस ते ग्रेट बॅरिंग्टनवाले चोर नव्हते. ४ ऑक्टोबर २०२० चं निवेदन, त्यात ऑक्सफर्डच्या सुनेत्रा गुप्ता, स्टॅनफर्डचे जय भट्टाचार्य. म्हातारे-आजारी सांभाळा, बाकीच्यांना मोकळं सोडा. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही नाही, आपल्या दोन खोल्यांत आजोबांना वेगळं ठेवणार कुठे, माळ्यावर? हा एवढा प्रश्न जरी कोणी मोठ्याने विचारला असता तरी पुरे होता. अमेरिकेतल्या एनआयएच ह्या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या प्रमुखांनी चार दिवसांत ईमेल केला की ह्यांना जोरदार खोडून काढणारं काहीतरी लवकर छापून यायला हवं, आणि ह्यांना किरकोळ मंडळी म्हणून मोडीत काढलं. २०२५ मध्ये त्याच खुर्चीवर भट्टाचार्य बसले. गप्प बसवलेला माणूस चुकीचा असला तरी लोकांना खरा वाटायला लागतो, एवढं साधं त्यांना कळू नये?

आणि आपण तर लोकमान्य नगरात राहतो. १८९७ च्या प्लेगात टिळकांनी पुण्यात दवाखाना पण चालवला आणि केसरीतून सरकारच्या तपासणीवर टीका पण केली, एकाच माणसाने दोन्ही. राजद्रोहाचा खटला शिवाजी उत्सवाच्या मजकुरावरून झाला, अठरा महिने शिक्षा, पण रँडचा खून नुकताच झालेला, हवा सगळी प्लेगचीच होती. साथरोगाचा कायदा पण त्याच वर्षीचा, २०२० मध्ये तोच काढला होता. ३० एप्रिल २०२१ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की ऑक्सिजन मिळत नाही असं लिहिणाऱ्या नागरिकावर कारवाई करू नका. सांगावं लागलं! त्याच महिन्यात मी मास्तरांना काढलं होतं, हे मला फार नंतर लक्षात आलं.

दोन वर्षांनी मी मास्तरांकडे गेले. त्यांनी पोहे दिले, वरून शेव, जीरावण, सगळं. मग विचारलं, तो मेसेज ठेवलायस का? मी नाही म्हटलं. ते म्हणाले, मग मी कधी काय म्हणालो होतो ते आता कोण सांगणार. मला बोलताच आलं नाही. मी नुसता मेसेज उडवला नव्हता, त्याच्यावरची तारीख पण उडवली होती.

गणपतीच्या आधी त्यांना परत ग्रुपची लिंक पाठवली. निळ्या टिका आल्या, ते आले नाहीत.

तुझ्या मेसेजचा मसुदा रविवारी घेऊन ये, सकाळी ये, दुपारी मी झोपते. साहेबांना सांग काकू म्हणाल्या म्हणून, मला आता कोण काय करणार आहे. आणि खाली तारीख नसली तर मी चष्मा पण काढणार नाही.

तुझी काकू