सांडपाण्यासाठी कर्दळ, ओल्या कचऱ्यासाठी गांडुळे

घरचे सांडपाणी शुद्ध करणारा कर्दळीचा वाफा आणि ओल्या कचऱ्याचे गांडूळखत या दोन्ही गोष्टी आपण घरामागे एकदम सुरू करणार आहात, म्हणून आधी गांडुळांविषयी लिहितो. शेतातली, जमिनीत खोल बिळे करणारी गांडुळे येथे उपयोगाची नाहीत. पृष्ठभागालगतच्या कुजत्या पदार्थांवर जगणारी आयसेनिया फेटिडा ही जात आणावी. ताजे शेण कुजताना तापते आणि त्या उष्णतेने गांडुळे मरतात, म्हणून शेण व पालापाचोळा दोन आठवडे सावलीत मुरवून, ढिगात हात घातल्यावर गारवा जाणवला तरच गांडुळे सोडावीत. मूठभर मिश्रण दाबल्यावर एखाद-दुसराच थेंब निघावा. धार लागली तर हवा कोंडते व दुर्गंधी येते. खारट, तेलकट उष्टे आणि लिंबाच्या साली टाळाव्यात.

सांडपाण्याचे काम तुलनेने सोपे आहे. प्रथम तेलकट साय अडवणारी लहान टाकी, पुढे खडी-वाळूचा वाफा आणि त्यात कर्दळ, अशी रचना करावी. खरी शुद्धी खडीवर व मुळांभोवती वाढणारे जिवाणू करतात, त्यामुळे ब्लीचचे पाणी वाफ्यात जाऊ देऊ नये. पाण्याची पातळी खडीच्या वरच्या थराखालीच राहिली पाहिजे, अन्यथा डास होतात. आपल्याकडे न्हाणीच्या पाण्यावर अळू लावण्याची रीत आहे खरी, परंतु साबणाच्या पाण्यातली पाने खाण्यापेक्षा कर्दळच बरी, असे माझे मत आहे. शौचालयाचे पाणी मात्र या वाफ्यात कधीही सोडू नये.