नव्या मुख्याध्यापकांना: आधी हजेरीपट उघडा

गरीब वस्तीतल्या माध्यमिक शाळेची सूत्रं हाती घेतलीत, मनापासून अभिनंदन. पहिल्याच महिन्यात नवे उपक्रम जाहीर करू नका. हजेरीपट घेऊन बसा. शाळेची सरासरी ९३ टक्के दिसली तरी निश्चिंत होऊ नका. तिच्याआड ठरावीक मुलं हळूहळू गळत असतात. शाळेच्या दिवसांपैकी १० टक्के किंवा त्याहून जास्त दिवस गैरहजर राहणाऱ्यांची वेगळी यादी काढा आणि कारण मुलांच्याच तोंडून ऐका. कुणाला धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं, कुणाचं काम रात्री उशिरापर्यंत चालतं. एखादी मुलगी पाळीच्या दिवसांत येत नाही, कारण स्वच्छतागृहाच्या दाराला कडीच नाही. कडी त्याच दिवशी बसवून घ्या. माझ्या लेखी हेच खरं नेतृत्व.

तासिकांचं वाटप स्वतः तपासा. अनुभवी शिक्षक शेवटच्या वर्षाला आणि नवखे सगळ्यात मागे पडलेल्या वर्गाला, ही वाटणी सर्रास होते आणि ती मुलांवर अन्याय करणारी आहे. ती बदलताना कुरबुर होईल, होऊ द्या. वर्गात रोज दहा मिनिटं बसा. नंतर शिक्षकाला एकच नेमकी सूचना द्या, तीही चारचौघांत नको.

पालक सभेला येत नाहीत, कारण रोजंदारी बुडते. त्यांना आस्था नाही असं कुणी म्हणालं तर तिथल्या तिथे थांबवा. सभेची वेळ त्यांना विचारून ठरवा आणि घरी पहिला फोन मुलाचं कौतुक सांगायलाच करा.