नाताळ : देवाने घेतलेला देह
वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

डिसेंबर लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत नाताळाचेच प्रश्न जास्त असतात. त्यांतले सहा इथे घेतले आहेत. उत्तरे कॅथलिक श्रद्धेच्या अंगाने दिली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळून फक्त गाव ठेवले आहे.

प्रश्न : बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख कुठेच नाही. मग २५ डिसेंबर आला कुठून? हा रोमन सूर्यदेवाचा सण ख्रिस्ती लोकांनी उचलला, असे वाचनात आले. (पुणे)

तारीख नाही, हे अगदी खरे. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी पक्की नोंद रोमची आहे. इ. स. ३५४ मधल्या एका संकलनात ती सापडते आणि त्यातली यादी ३३६ च्या सुमाराची आहे. सूर्याचा संबंध जोडणारे अभ्यासक सम्राट ऑरेलियनकडे बोट दाखवतात. त्याने २७४ मध्ये रोममध्ये ‘अजिंक्य सूर्या’च्या पूजेला राजाश्रय दिला. दुसरे अभ्यासक वेगळा हिशेब मांडतात. येशूची आई मरिया हिला ती आई होणार असल्याचा देवदूताचा निरोप २५ मार्चला मिळाला, असे मानले जाई. तिथून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. दोन्ही बाजूंना जाणकार आहेत आणि वाद मिटलेला नाही. आर्मेनियन ख्रिस्ती आजही ६ जानेवारीला जन्मोत्सव करतात, तर रशियातले ऑर्थोडॉक्स जुन्या पंचांगाप्रमाणे ७ जानेवारीला. यातली कोणतीही तारीख उद्या चुकीची ठरली, तरी माझ्या श्रद्धेचा एक चिराही ढळणार नाही. नाताळ साजरा करतो तो तारखेसाठी नव्हे, घडलेल्या गोष्टीसाठी.

प्रश्न : आम्ही वारकरी घरातले. देव अवतार घेतो हे आम्हाला नवीन नाही. मग येशूचा जन्म आणि आपल्याकडचे अवतार यांत फरक तो काय? (सातारा)

तुमचे पत्र वाचून आनंद झाला, कारण हा प्रश्न नाताळाच्या गाभ्यालाच हात घालतो. देव दूर बसून राहत नाही, भक्तासाठी खाली उतरतो, ही ओढ तुमच्या माझ्या परंपरेत सारखी आहे. विटेवर उभ्या असलेल्या देवाची भाषा ज्याला कळते, त्याला नाताळ समजावून सांगणे सोपे जाते.

फरक मात्र आहे, आणि तो झाकण्यात अर्थ नाही. गीतेत देव ‘युगे युगे’ येतो. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते, तो एकदाच आला आणि कायमचा आला. काम झाल्यावर देह टाकून तो परत गेला नाही. मेलेल्यांतून उठलेल्या ख्रिस्ताला आजही मानवी देह आहे, हातापायांवर खिळ्यांच्या खुणा आहेत, असे आम्ही मानतो. माणूसपण देवाने एकदा घेतले ते सोडलेच नाही.

दुसरी गोष्ट, हा देह सोंग नव्हता. पहिल्या काही शतकांतच असे म्हणणारे निघाले की येशू माणूस असल्याचा नुसता भास होता. देवाला भूक, घाम, मरण कसे शिवेल? ख्रिस्तसभेने, म्हणजे चर्चने, हे ठामपणे नाकारले. ४५१ मध्ये खाल्केदोन इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने तर शब्दांत बांधूनच टाकले : तो पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, दोन्ही एकाच व्यक्तीत, एकात दुसरे विरघळून न जाता. म्हणजे गव्हाणीतले ते बाळ खरोखर भुकेने रडत होते. त्याला दूध पाजावे लागत होते, त्याची बाळंती बदलावी लागत होती. योहान आपल्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राच्या, आरंभी लिहितो, ‘शब्द देही झाला’. शब्द म्हणजे देवच. हे इतके उघड वाक्य पचायला अवघड आहे, आजही.

नाताळाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, एक क्षण तुम्हाला पाहायला मिळेल. रविवारी आम्ही उभे राहून मतांगिकार, म्हणजे आमच्या श्रद्धेची कबुली, म्हणतो. त्यात पवित्र आत्म्याच्या योगे तो कुमारी मरियेपासून देहधारी झाला, या ओळीला वर्षभर फक्त मान लवते. नाताळाला मात्र त्याच ओळीला सगळे चर्च गुडघे टेकते. म्हातारी माणसे बाकाचा आधार घेत खाली बसतात. एवढी ओळ संपली की उठून पुढचे म्हणायचे. नाताळाचे सगळे ईशज्ञान मला त्या गुडघ्यांत दिसते.

तिसरा फरक, तो कुणासाठी आला हा. दुष्टांच्या संहारासाठी अवतार, हे आपण लहानपणापासून ऐकलेले. येशू म्हणाला, मी नीतिमानांना नव्हे तर पाप्यांना बोलावण्यास आलो आहे. दुष्टाला मारण्याऐवजी त्याच्या हातून मरायची त्याची तयारी होती. तुम्हाला हे पटलेच पाहिजे असे नाही. पण फरक विचारलात, तर तो हा.

प्रश्न : आमच्या आळीतला नाताळाचा गोठा (येशूजन्माचा देखावा) दर वर्षी मोठा होत चाललाय. धबधबा, लाइटिंग, साउंड. यंदा थर्माकोलचा डोंगर करायचा ठरतोय. म्हातारे म्हणतात, पूर्वीचे राहिले नाही. कोण बरोबर? (वसई)

पोरांनो, रात्र रात्र जागून तुम्ही गोठा करता याचे मला कौतुक आहे. पण यात मी म्हाताऱ्यांच्या बाजूने आहे.

गोठ्याची प्रथा आपण संत फ्रान्सिस असिसीकरांकडून घेतली. १२२३ च्या नाताळाच्या रात्री इटलीतल्या ग्रेच्चो गावी त्यांनी एका डोंगरकपारीत गव्हाणी मांडली, तीत गवत घातले, शेजारी जिवंत बैल आणि गाढव बांधले आणि तिथेच मिस्सा झाली. फ्रान्सिस स्वतः पुरोहित नव्हते, उपयाजक (पुरोहिताच्या खालच्या पायरीचे) होते, म्हणून शुभवर्तमान त्यांनी गायले. बाळ येशूला काय काय सोसावे लागले ते आपल्या डोळ्यांनी पाहायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. गवताचा वास, गुरांची ऊब, थंडी. थर्माकोलच्या डोंगरात यातले काय उरते?

लूक लिहितो ते पुन्हा एकदा वाचा. उतारशाळेत जागा नव्हती म्हणून बाळाला गव्हाणीत ठेवले. आणि पहिली बातमी गेली ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. आपल्याकडे शेताशेतांतून मेंढरे बसवत फिरणारे धनगर डोळ्यांपुढे आणा. माझी सूचना अशी : यंदाचा खर्च निम्म्यावर आणा. गोठा पेंढ्याचा, बांबूचा करा. उरलेल्या पैशांतून तुमच्या धर्मग्रामात, म्हणजे तुमच्या चर्चच्या हद्दीत, भाड्याच्या खोल्यांत राहणारी, कामासाठी बाहेरून आलेली कुटुंबे शोधा आणि त्यांना पंगतीला बोलवा. डबा नेऊन देऊ नका, आपल्या शेजारी बसवा. गोठ्यांच्या स्पर्धेतला नंबर गेला तर जाऊ द्या.

प्रश्न : सांताक्लॉज मुलांना सांगावा की नाही? (ठाणे)

सांगा, पण त्याच्या मूळ माणसासकट. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा इथे निकोलस नावाचे बिशप होते. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. एका गरीब बापाच्या तीन मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप पैसे टाकले, अशी त्यांची आख्यायिका. मुलांना भेट मिळण्याची गोष्ट सांगता, तशी गुपचूप देण्याचीही सांगा.

प्रश्न : यंदा ऑगस्टमध्ये आमचा मुलगा गेला. तेवीस वर्षांचा होता. शेजारी म्हणतात, चांदणी तरी लावा. माझ्याने होत नाही. माझी श्रद्धा कमी पडते आहे का? (नाशिक)

नाही, ताई. चांदणी लावू नका. लावावीशी वाटेल त्या वर्षी लावा.

नाताळ म्हणजे नुसता आनंद, असे आपल्याला बाजाराने शिकवले. ख्रिस्तसभेचे पंचांग वेगळे बोलते. २५ ला जन्म आणि लगेच २६ ला संत स्तेफन, दगडांनी ठेचून मारलेला पहिला हुतात्मा. २८ ला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या निष्पाप बालकांचा स्मरणदिन. त्या दिवशी मिस्सेत वाचतात की राहेल, इस्राएली लोकांची पूर्वमाता, आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि तिचे सांत्वन होऊ शकत नाही, कारण ती मुले आता नाहीत. मत्तयाने हे वाक्य येशूच्या जन्मकथेतच घातले आहे आणि लगोलग कुणी येऊन राहेलची समजूत घातल्याचे लिहिलेले नाही. तिचे रडणे शुभवर्तमानात तसेच राहू दिले आहे. तुमचेही राहू द्या.

पूर्वेकडच्या ख्रिस्ती लोकांची जन्मोत्सवाची जुनी चित्रे कधी पाहा. बाळ काळोख्या गुहेत असते, त्याला प्रेताला गुंडाळावे तशा पट्ट्यांनी गुंडाळलेले असते आणि गव्हाणी दगडी थडग्यासारखी काढलेली असते. हा देह पुढे मरणार आहे हे त्या चित्रकारांनी लपवले नाही. मरियेलाही ते फार दिवस लपून राहिले नाही. बाळाला मंदिरात नेले तेव्हाच वृद्ध शिमोनाने तिला सांगितले की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. मुलगा गमावलेली आई नाताळाच्या बाहेरची नाही, ताई. ती अगदी गव्हाणीशेजारी बसलेली आहे.

नाताळाच्या फराळाच्या कुलकुल, नेवऱ्या करणे जमणार नसेल तर करू नका. शेजारणीने आणून दिल्या तर घ्या. मिस्सेला जावेसे वाटले तर सकाळच्या शांत मिस्सेला जा. फादरांना सांगून ती मिस्सा तुमच्या मुलाच्या नावाने ठेवता येईल.

प्रश्न : मी हिंदू, नवरा कॅथलिक. लग्नानंतरचा पहिला नाताळ. सासूबाई मध्यरात्रीच्या मिस्सेला चल म्हणतात. मी गेले तर चालेल? तिथे काय करायचे, काय नाही? (मडगाव)

जरूर जा. सगळ्यांबरोबर उठा, बसा. गाणी येत नसली तरी चालते. गुडघे टेकायलाच हवेत असे नाही. कम्युनियन, म्हणजे मिस्सेतला पवित्र भाकरीचा प्रसाद, मात्र बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठी असते, तेव्हा त्या रांगेत जाऊ नका, बाकावरच बसून राहा. त्यात तुमचा अपमान नाही, आणि बरेच कॅथलिकही त्या वेळी बसूनच असतात. मिस्सा संपली की बाळ येशूच्या मूर्तीचे दर्शन घ्यायला लोक पुढे जातात. तिथे सासूबाईंबरोबर जा, मनात येईल ते मागा. मिस्सेची वेळ आधी विचारून घ्या, नाव मध्यरात्रीचे असले तरी अनेक ठिकाणी ती बरीच आधी सुरू होते. आणि शाल न्या, मिस्सा पुष्कळदा उघड्या मैदानात असते.