एका अधिकाऱ्याने काय होतं? – मलेरियाच्या धाग्यावर उत्तर

तुम्ही लिहिलंय, तुमच्या आईंना महिन्याभरात दुसऱ्यांदा मलेरिया, तक्रार केली की महापालिकेची कचेरी धुराचं मशीन फिरवून मोकळी. वर तुम्ही विचारलंय की अमेरिकेने मलेरियावर नौदलातला माणूस नेमला होता, त्याला डासांतलं काय कळणार? वडोदऱ्यात दांडिया बाजारच्या आमच्या घरात सासऱ्यांच्या वेळी हेच भोगलंय, म्हणून लिहिते.

ते रिअर अ‍ॅडमिरल टिमोथी झीमर. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी 2005 मध्ये मलेरियाविरोधी कार्यक्रम जाहीर केला, 2006 पासून झीमर त्याचे समन्वयक, आणि ओबामा आल्यावरही तेच राहिले. डासांचे जाणकार त्यांच्या हाताशी होतेच. आफ्रिकेतल्या 15 देशांत मलेरियाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, हे सुरुवातीचं उद्दिष्ट. औषध लावलेल्या मच्छरदाण्या, घरात फवारणी, गरोदर बायकांना गोळ्या, आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या औषधाची जोडऔषधं, ही साधनं. काम युएसएड (परदेशांना मदत देणारी) आणि सीडीसी (रोगनियंत्रण बघणारी) अशा दोन अमेरिकी सरकारी संस्थांत वाटलेलं, पण जाब द्यायला माणूस एक. श्रेय त्या देशांच्या आरोग्यसेवकांचंही मोठं आहे, तरी माझ्या मते त्या पदाचं खरं मोल या एका गोष्टीत होतं.

आमच्याकडे नेमकं तेच नव्हतं. खासगी लॅबचा रिपोर्ट व्हायवॅक्सचा, म्हणजे मलेरियाच्या एका प्रकाराचा. तो घेऊन गेलो तर एका कार्यालयात (नाव घेत नाही) म्हणाले, बाहेरचा रिपोर्ट चालत नाही, रक्ताची स्लाइड आम्ही घेऊ. स्लाइड घेतली, मग तुमचा झोन दुसरा. दुसऱ्या झोनमध्ये गेलो तर ताप आमच्याकडे, टाक्या पाण्याच्या खात्याकडे. सगळे नीट बोलत होते, आणि आपापल्या रजिस्टरप्रमाणे कुणाचंच चुकत नव्हतं! तोवर सासऱ्यांना पुन्हा हुडहुडी भरली. शेजारच्या गच्चीवरची उघडी टाकी बघायला मात्र कुणी चढलं नाही. आजही संताप येतो.

धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात. शहरातला मलेरिया पसरवणारा डास अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी स्वच्छ पाण्यात, टाकीत, कूलरमध्ये वाढतो. झाकण घट्ट हवं, आणि आठवड्यातून एकदा भांडी, कूलर कोरडे करा. पावसाळ्यात आणि विश्वामित्री नदीला पूर येऊन गेल्यावर तर नक्कीच.

मी डॉक्टर नाही, पण हे त्यांना विचाराच: व्हायवॅक्स यकृतात दडून राहतो, त्यासाठी प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा कोर्स असतो. ताप उतरला की लोक तो अर्ध्यात सोडतात. आधी जी-6-पीडीची (रक्तपेशींतल्या एका एन्झाइमची) तपासणी करून घ्यावी, आणि गरोदरपणी ते औषध चालत नाही.

अर्ज झोनच्या खिडकीवर देऊ नका, थेट महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे लिहा. ताप, स्लाइड आणि टाकी तिन्ही एकाच अर्जात घाला, आणि यावर उत्तर कोण देणार त्या अधिकाऱ्याचं पद लेखी मागा. आवक क्रमांकाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.