एकट्या व्यक्तीने क्रूझची सहल करावी का, आणि तिला खरोखरच दुप्पट पैसे मोजावे लागतात का?

तुमच्या प्रश्नात तीन शंका आहेत: एकटीला दोघांचे भाडे भरावे लागते हे खरे का, अनोळखी माणसांत कंटाळा येईल का, आणि एकट्या बाईने जहाजावर राहणे सुरक्षित आहे का. तुम्ही 47 वर्षांच्या आहात, तुमच्या यजमानांना बोट लागते म्हणून ते येणार नाहीत, आणि मुंबई-गोवा करावे की थेट सिंगापूर गाठावे असा तुमचा विचार चालू आहे, असेही तुम्ही लिहिले आहे. मी अविवाहित असल्यामुळे माझे बहुतेक प्रवास एकटीचेच असतात आणि त्यांत मुंबईहून तसेच सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवरचे प्रवासही आले. माझे मत आधीच सांगते. एकट्या प्रवाशाला प्रत्यक्ष जहाजावर फारशी अडचण येत नाही. जी येते ती तिकीट काढताना आणि किनाऱ्यावर उतरल्यावर. म्हणून जहाज किती मजली आहे आणि त्यावर पाण्याच्या घसरगुंड्या किती आहेत हे बघत बसण्यापेक्षा खोली कोणती आणि बंदरे कोणती, यावरून सहल निवडावी.

पैशांचे म्हणाल तर, तुम्ही ऐकलेले बव्हंशी खरे आहे. जाहिरातीतला आकडा माणशी असतो, पण एका खोलीत दोघे राहतील असे त्यात गृहीत धरलेले असते. जहाजावरच्या खोल्या मोजक्या असतात, आणि दुसरा माणूस आला नाही तर कंपनीचे त्याचे भाडे तर बुडतेच, शिवाय त्याने पेयांवर, खरेदीवर आणि किनाऱ्यावरच्या सहलींवर केला असता तो खर्चही बुडतो. ही भरपाई एकट्या प्रवाशाकडून 'सिंगल सप्लिमेंट' म्हणून वसूल केली जाते, आणि ती पुष्कळदा भाड्याच्या शंभर टक्के असते. मात्र एकूण बिल दुप्पट होत नाही, कारण बंदराचे शुल्क आणि कर्मचाऱ्यांसाठी रोज आकारली जाणारी टीप ही सहसा डोईमागे असते, खोलीमागे नसते. समजा, माणशी भाडे 30,000 रुपये आणि बंदरशुल्क व टीप मिळून माणशी 8,000 रुपये आहेत; तर जोडप्याला 76,000 रुपये पडतील आणि एकटीला 68,000. जोडप्यातल्या एकाच्या वाट्याला 38,000 येतात, हे पाहता सौदा महागच आहे. पण एजंटाने 76,000 सांगितले, तर त्याला तपशील मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. न खपलेल्या तारखांना काही कंपन्या हा अधिभार पन्नास टक्के किंवा त्याहूनही खाली आणतात. संकेतस्थळावर प्रवाशांची संख्या आधी '2' आणि मग '1' टाकून तीच तारीख तपासली, की कोणत्या फेरीत किती अधिभार लावला आहे ते लगेच कळते.

दुसरा मार्ग म्हणजे मुळातच एकट्यासाठी बांधलेली खोली. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने 2010 साली 'नॉर्वेजियन एपिक' हे जहाज आणले, त्यात 128 'स्टुडिओ' खोल्या होत्या. प्रत्येक खोली अवघी 100 चौरस फुटांची आणि तिची खिडकी समुद्राकडे नव्हे, तर बोळाकडे उघडणारी. पण या सगळ्या खोल्यांना मिळून एक स्वतंत्र बैठकीची जागा दिलेली, आणि तिथे येणारा प्रत्येक जण एकटाच आलेला. ही कल्पना चालली आणि पुढे इतरांनीही ती उचलली. रॉयल कॅरिबियनच्या 2014च्या 'क्वांटम ऑफ द सीज'वर एकट्यासाठी बाल्कनी असलेल्याही काही खोल्या आहेत, आणि क्युनार्डच्या 'क्वीन मेरी 2'वर 2016च्या नूतनीकरणात एकट्यांसाठी 15 खोल्या नव्याने बांधण्यात आल्या. यात मेख अशी, की या खोल्या थोड्या असल्यामुळे फार लवकर भरतात, आणि कधीकधी त्यांचे भाडे साध्या आतल्या, बिनखिडकीच्या खोलीच्या दुप्पट भाड्याच्या जवळपास जाते. 'स्टुडिओ' या नावाला भुलून ती खोली घेऊ नये; दोन्ही आकडे शेजारीशेजारी मांडून मगच ठरवावे.

थोडे विषयांतर करते. भाऊच्या धक्क्यावरून पणजीपर्यंत कोकण किनाऱ्याने जाणाऱ्या जुन्या आगबोटींत माणूस डेकचे तिकीट काढायचा आणि जागा मिळेल तिथे पथारी पसरायचा. तिकीट माणसाचे होते, खोलीचे नव्हते, त्यामुळे एकट्याला दंड भरण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. 2018 साली मुंबई-गोवा मार्गावर सुरू झालेल्या 'आंग्रिया' जहाजावरही खोल्यांच्या जोडीला एकट्या माणसापुरत्या झोपण्याच्या कप्प्यांची सोय होती. ती सेवा टिकली नाही, याची हळहळ माझ्यासारख्या एकट्या फिरणाऱ्यांना जरा जास्तच वाटते.

आता कंटाळ्याविषयी. जहाजावर एकटे राहायचे असेल तर राहता येते आणि माणसांत मिसळायचे असेल तर मिसळता येते, आणि हे दर तासाला बदलता येते. जमिनीवरच्या प्रवासात एकट्या बाईला संध्याकाळी जेवायला कुठे जायचे आणि परत कसे यायचे याचा घोर असतो. इथे नाटक किंवा गाण्याचा कार्यक्रम रात्री अकराला संपला, तरी लिफ्टने चार मजले उतरले की आपली खोली. जेवणाच्या मोठ्या दालनात ठरावीक वेळ आणि ठरावीक टेबल घ्यायचे, की हव्या त्या वेळी जायचे, असे दोन पर्याय बहुतेक जहाजांवर असतात. सोबत हवी असेल, तर पहिल्याच दुपारी दालनाच्या व्यवस्थापकाला भेटून 'मला सहा-आठ जणांच्या टेबलावर बसवा' असे स्पष्ट सांगावे. ते न सांगितल्यास तुम्हाला आदराने कोपऱ्यातले दोघांचे टेबल दिले जाते आणि समोरची रिकामी खुर्ची रोज बघावी लागते. आपल्याकडच्या जहाजांवर एकट्याने आलेल्यांसाठी वेगळे मेळावे सहसा नसतात, परंतु आपली माणसे चौकस असल्यामुळे 'तुम्ही एकट्याच आलात?' या प्रश्नापासून ओळख सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी पत्त्यांच्या डावाला बोलावतेच. तो प्रश्न दिवसातून अनेकदा ऐकायची तयारी मात्र ठेवावी.

बुफेत एकटीचा एक खास त्रास असतो. ताट टेबलावर ठेवून तुम्ही चहा आणायला उठलात, की वाढपी समजतो जेवण झाले, आणि परत येईपर्यंत अर्धी खाल्लेली इडली, लोणचे, सगळे उचलून टेबल पुसलेले असते आणि तिथे चौघांचे कुटुंब स्थिरावलेले असते. म्हणून आधी चहा-पाणी आणावे, नंतर ताट भरावे, आणि उठावेच लागले तर खुर्चीवर टोपी किंवा ओढणी ठेवावी. चष्मा आणि फोन ठेवू नये.

एकट्याचा एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. अनेक परदेशी कंपन्यांत मद्याचे पॅकेज एकाने घेतले, तर त्याच खोलीतल्या दुसऱ्या प्रौढालाही ते घ्यावे लागते. तुम्ही एकट्या असल्यामुळे हा नियम तुम्हाला लागू होत नाही, आणि पिणार नसाल तर सरळ नाही म्हणता येते. वाय-फाय मात्र उपकरणामागे आकारले जाते, त्यात वाटेकरी मिळत नाही. खुल्या समुद्रात फोन जहाजाच्या उपग्रहाधारित मोबाइल नेटवर्कला आपोआप जोडला गेला, तर बिल डोळे पांढरे करणारे येते; म्हणून जहाज सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि गरज वाटली तरच वाय-फाय घ्यावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत जहाज हे एखाद्या अनोळखी शहरातल्या हॉटेलापेक्षा मला अधिक निर्धास्त वाटते, कारण चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाचे कार्ड तपासले जाते आणि बोळांत कॅमेरे असतात. तरीही खोलीचा क्रमांक चारचौघांत मोठ्याने सांगू नये, दार उघडण्याआधी भिंगातून पाहावे, आणि मध्यरात्रीनंतर एकटीने सुनसान डेकवर जाऊ नये. ज्या गोष्टीकडे लोक दुर्लक्ष करतात, ती म्हणजे संकटकाळी कुठे जमायचे हे शिकवणारी सुरुवातीची कवायत. 13 जानेवारी 2012 रोजी इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकाला धडकून कलंडले आणि 32 जण दगावले. त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमानुसार ती चोवीस तासांत केली तरी चालत असे. आता ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी लागते. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला, की आपल्या ठरलेल्या ठिकाणी जायचे असते. जोडप्यात एकाने लक्ष दिले तरी निभावते. तुम्हाला मात्र आपले ठिकाण आणि तिथे जाणारा जिना स्वतःच पायाखालून घातला पाहिजे. चढल्याच्या दिवशी खोलीपासून तिथपर्यंत एकदा चालून यावे.

खरी जोखीम बंदरावर असते. कंपनीच्या सहलीला गेलात आणि बसला उशीर झाला, तर जहाज थांबते. स्वतःहून फिरायला गेलात तर ते तुमच्यासाठी थांबत नाही. सोबतीला कुणी असेल तर निदान तो जहाजावर आरडाओरडा करील, पण एकटीच्या बाबतीत न स्कॅन झालेले कार्ड एवढीच काय ती खूण उरते. म्हणून रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलेल्या बंदरातल्या एजंटाच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवावा, परतण्याच्या वेळेच्या तासभर आधी जहाजावर यावे, आणि हातातले घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवावे, कारण ती स्थानिक वेळेपेक्षा वेगळी असू शकते.

याच कारणासाठी मी बंदरांना इतके महत्त्व देते. सिंगापूरहून निघालेले जहाज पेनांगला स्वेटनहॅम धक्क्याला लागते, आणि धक्क्याच्या फाटकातून बाहेर पडताच व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाचे 60 फुटी घड्याळाचा मनोरा समोर दिसतो. फोर्ट कॉर्नवॉलिस लागूनच आहे आणि तमिळ दुकानांचे लिटल इंडिया पायी गाठता येते. टॅक्सी नको, घासाघीस नको, आणि परतीची वाट डोळ्यांसमोर. उलट क्वालालंपूरसाठी जहाज पोर्ट क्लांगला थांबते, तिथून शहर 40 किलोमीटरहून दूर आहे, तेव्हा तिथे कंपनीची बस घेण्यातच शहाणपण. युरोपात हाच फरक नेपल्स आणि रोममध्ये आहे: नेपल्सचा धक्का शहराच्या पोटात, तर रोमचे म्हणवले जाणारे चिवितावेक्किया बंदर रोमपासून 70-80 किलोमीटरवर. फुकेतसारख्या काही ठिकाणी मोठे जहाज समुद्रातच नांगर टाकते आणि छोट्या बोटीने किनाऱ्यावर नेतात. तिथे परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ विचारूनच उतरावे. परदेशी फेरीत जहाज एखादा देश सोडून पुन्हा तिथेच येत असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, हेही लक्षात ठेवावे. प्रवासविमा घेताना त्यात क्रूझचा आणि जहाजावरून रुग्णाला किनाऱ्यावर हलवण्याच्या खर्चाचा समावेश आहे का ते वाचून घ्यावे; जहाजावरचा दवाखाना फुकट नसतो.

तुमच्या निवडीबद्दल माझा सल्ला असा, की आधी मुंबई-गोवा करावे. कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज 2021पासून मुंबईतून सुटते आहे. ते मूळचे 1990 सालचे असल्यामुळे आजच्या महाकाय जहाजांपुढे लहान आहे, आणि एकटीला पहिल्या खेपेस तेच बरे, कारण अर्ध्या दिवसात सगळे जिने पाठ होतात. बॅलार्ड पिअरवरून चढायचे, पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र चालते, आणि शाकाहारी व जैन जेवणाची चिंता नसते. गोव्यात जहाज मुरगाव बंदराला लागते. तिथून पणजी सुमारे 30 किलोमीटर असल्यामुळे एकटीने टॅक्सी करून धावाधाव करण्यापेक्षा वास्कोतच, सड्यावरच्या जपानी उद्यानातून समुद्र पाहून, मासळीचे जेवण करून परतणे मला अधिक पसंत आहे. जोडपी आणि टोळकी बाहेर गेल्यावर जहाज रिकामे असते ते वेगळेच. शनिवार-रविवारला जोडलेल्या फेऱ्यांत मित्रमंडळींचे घोळके अधिक असतात, म्हणून आठवड्याच्या मधली फेरी पाहावी. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी पाणी बरेच शांत असते. तुम्हालाही बोट लागण्याची भीती असेल, तर जहाजाच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची खोली मागावी. ती स्वस्तही असते आणि कमी हलते. डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे, आणि पर्समध्ये आलेपाक ठेवावा.

शेवटच्या रात्री मोठी बॅग खोलीबाहेर ठेवायला सांगतात आणि ती सकाळी धक्क्यावरच मिळते. दुसऱ्या दिवशीचे कपडे, चप्पल, औषधे आणि ओळखपत्र त्या आधी बाहेर काढून ठेवावे. बॅग स्वतःला उचलता येण्याजोगी असेल, तर ती बाहेर न ठेवता स्वतःच घेऊन उतरण्याची परवानगी मिळते, आणि मी नेहमी तेच करते.