नागपुरात ना समुद्र, ना हिमनदी. मग इथे राहून त्सुनामी आणि हिमनदीच्या गाळाचा अभ्यास कसा शिकायचा?

तुम्ही नागपुरात भूविज्ञानात एम.एस्सी. करताय. जुन्या त्सुनामीचा वाळूचा थर वादळाच्या थरापासून वेगळा कसा ओळखतात आणि त्याचा सराव इथे कुठे करायचा, हा तुमचा प्रश्न.

एकाच खुणेवरून निकाल देऊ नका, हे आधी सांगतो. शोध किनाऱ्यामागच्या दलदलीत घेतात, कारण तिथे एरवी चिखलच साचतो. मध्येच वाळू दिसली तर ती बाहेरून आलेली. किनाऱ्याला काटकोनात रेष धरायची आणि दर ५० ते १०० मीटरवर हाताच्या ऑगरने (फिरवून जमिनीत घालायच्या गिरमिटाने) कोर, म्हणजे मातीचा उभा दंडगोल नमुना, काढायचा. त्सुनामीचा थर आत जाताना पातळ आणि बारीक होत जातो. त्याची तळरेषा धारदार असते, खालच्या चिखलाचे उखडलेले तुकडे त्यात अडकलेले असतात. वादळाच्या लाटा तासन्‌तास आपटत राहतात, त्यामुळे पातळ पापुद्रे पुष्कळ आणि थर बहुधा किनाऱ्याजवळच संपतो. पण सखल त्रिभुज प्रदेशात चक्रीवादळाचं पाणीही फार आत शिरतं. म्हणून एकाच वयाचा थर दूरदूरच्या ठिकाणी सापडतो का, हे बघावंच लागतं. थायलंडच्या फ्रा थाँग बेटावर २००४ च्या त्सुनामीच्या वाळूखाली तसाच जुना थर मिळाला, साधारण ५५० ते ७०० वर्षांपूर्वीचा.

कोर बाहेर आला की सुरी आडवी फिरवून पृष्ठभाग साफ करा. उभी ओढलीत तर वाळू चिखलावर फासली जाते आणि नेमकी तळरेषाच पुसली जाते. भोकाची खोली आणि कोरची लांबी दोन्ही लिहा. पीव्हीसी पाइप ठोकून घेतलेला कोर दबतो. भोक १२० सेंमी आणि कोर १०५ सेंमी निघाला, तर थराची खरी खोली पट्टीवर वाचता येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ वय काढताना होतो. प्रकाशाने ठरवायच्या वयासाठी (ओएसएल, म्हणजे कणांना शेवटचा उजेड कधी लागला ते मोजणं) साधारण ५ सेंमी व्यासाचा, २५-३० सेंमी लांबीचा स्टीलचा पाइप साफ केलेल्या भिंतीत ठोकतात. तो गच्च भरला पाहिजे. अर्धवट राहिला तर वाळू हलते आणि टोकाचे उजेड लागलेले कण मधल्या कणांत मिसळतात. शिवाय त्सुनामीच्या गढूळ पाण्यात कणांना पुरेसा उजेड मिळालेला नसतो, त्यामुळे वय खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतं. रेडिओकार्बनने वय काढायला बी किंवा पान घ्या, जाड लाकूड नको. ओंडका वाहून येण्याआधीच कित्येक वर्षं मेलेला असू शकतो.

दिसायला सारखे दोन थर वेगळे ओळखण्याचा पेच हिमनदीच्या गाळातही आहे. हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेला गाळ) आणि दरडीचा चिखलगाळ, दोन्हींत बारीक चिखलापासून मोठ्या धोंड्यांपर्यंत सगळं एकत्र असतं. किमान ५० लांबट दगड निवडा (लांबी रुंदीच्या दीडपट तरी हवी), प्रत्येकाची दिशा आणि कल मोजा, घासून सपाट झालेल्या बाजू आणि त्यांवरचे ओरखडे तपासा. हा फरक नीट कळणं लोकांच्या जिवाशी जोडलेलं आहे. केदारनाथ हिमनद्यांच्या जुन्या गाळावरच वसलेलं आहे आणि २०१३ ला तिथे काय झालं ते आपण पाहिलं.

सरावासाठी कन्हान पुरेशी आहे. पाणी उतरल्यावर, नोव्हेंबरनंतर, काठावरच्या पुराच्या वाळूत उथळ चर खणा आणि भिंतीवर प्रत्येक थराची जाडी, कणांचा आकार, वरची-खालची सीमा नोंदवा. कमरेपेक्षा खोल जाऊ नका, कोरडी वाळू अचानक ढासळते. रेतीउपशाच्या जागा टाळा, तिथले थर मशीनने उलटसुलट झालेले असतात.

आणि हिमनदी म्हणाल, तर ती आपल्या शेजारीच होती, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी. चंद्रपूर जिल्ह्यात तालचीर नावाच्या त्या काळच्या खडकसमूहाचे गोटेखडक (गोटे अडकलेले खडक) आहेत आणि पैनगंगेकाठी इरई गावाजवळ चुनखडीवर बर्फाने ओढलेले ओरखडे १८७२ पासून माहीत आहेत. निघण्याआधी जीएसआयच्या (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) भूकोश पोर्टलवरून १:५०,००० चा भूवैज्ञानिक नकाशा उतरवा, पाणी कमी असताना फेब्रुवारीत जा, कंपासने ओरखड्यांची दिशा मोजा, पट्टी ठेवून फोटो घ्या. तिथे हातोडा मात्र चालवू नका. नमुना हवाच असेल तर सुटलेला गोटा उचला आणि तो कुठून, कोणत्या बाजूने उचलला ते त्याच्यावरच मार्करने लिहा.